मंगळाचे चंद्र सापडायला १८७७ साल का उजाडावं लागलं?

अर्धवर्तुळ (धागालेखक)

ऑक्टोबर २०२० मध्ये मंगळ जवळ आला होता, तेव्हा गच्चीवर आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण लावून मी चार रात्री मंगळाचे दोन चंद्र, फोबोस आणि डायमॉस, शोधत बसलो होतो. दिसले नाहीत. मंगळ झकास दिसला. त्यावरचे काळसर डाग दिसले, पण जिथे चंद्र असायला हवेत तिथे नुसता तांबूस भपका. चौथ्या रात्री बायको वर येऊन म्हणाली, "नाहीयेत ते तिथे. झोपायला चल." तेव्हापासून आसफ हॉल या माणसाबद्दल वाचायला घेतलंय. त्याची बायको नेमकी याच्या उलट म्हणाली होती, हे नंतर कळलं.

थोडी पार्श्वभूमी देतो. मंगळ आपला शेजारी. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले. शनीचे पाच सतराव्या शतकातच सापडले. १७८१ मध्ये युरेनस सापडला, १७८७ मध्ये हर्शेलने त्याचे दोन चंद्र शोधले. नेपच्यून २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनमध्ये सापडला आणि अवघ्या सतरा दिवसांनी, १० ऑक्टोबरला, लिव्हरपूलच्या विल्यम लॅसेलने त्याचा चंद्र ट्रायटन पाहिला. हा लॅसेल धंद्याने बिअर गाळणारा, वेधशाळा घरची. म्हणजे साडेचारशे कोटी किलोमीटरवरच्या ग्रहाचा चंद्र सापडला, आणि दाराशी असलेल्या मंगळाचे मात्र त्यानंतर आणखी एकतीस वर्षांनी!

पुस्तकांत 'मंगळाला चंद्र नाही' असं सरळ छापलेलं असे. हर्शेलने १७८३ मध्ये शोधून पाहिलं होतं. १८६० च्या दशकात कोपनहेगनच्या द'आरेस्टने पाहिलं. दोघांच्याही हाती काही लागलं नाही.

हॉल हा मूळचा सुतार. कनेक्टिकटमधल्या गोशेनचा. तेरा वर्षांचा असताना वडील गेले, सोळाव्या वर्षी सुतारकामाला लागला. पुढे शिकायला गेला तिथे गणित शिकवणारी अँजेलिन स्टिकनी भेटली, तिच्याशी १८५६ मध्ये लग्न केलं. हार्वर्डच्या वेधशाळेत आठवड्याला तीन डॉलरवर काम केलं. १८६२ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत आला. १८७३ मध्ये तिथे २६ इंची भिंगाची दुर्बीण बसली, तेव्हाची जगातली सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण, अल्व्हन क्लार्क आणि मुलांनी घडवलेली. १८७५ पासून ती हॉलच्या ताब्यात होती.

डिसेंबर १८७६ मध्ये त्याला शनीवर एक पांढरा डाग दिसला. त्यावरून शनी स्वतःभोवती किती वेळात फिरतो ते त्याने मोजलं, सव्वादहा तासांच्या आसपास आलं. पुस्तकांत छापलेला आकडा वेगळाच होता. मला वाटतं, पुढची सगळी गोष्ट इथे सुरू होते. एक छापील आकडा चुकीचा निघाला की माणूस दुसऱ्याकडेही संशयाने बघतो. शनीचा आकडा चुकला, मग 'मंगळाला चंद्र नाही' हे तरी कोणी नीट तपासलंय?

५ सप्टेंबर १८७७ ला मंगळाची प्रतियुती (सूर्य, पृथ्वी, मंगळ एका रेषेत, पृथ्वी मधे) होती आणि मंगळ सूर्याच्या जवळच्या टोकाला असल्याने अंतर फक्त ५.६ कोटी किलोमीटर. ऑगस्टच्या सुरुवातीला हॉलने शोध सुरू केला. आधी मंगळापासून लांबचे ठिपके तपासले, ते सगळे तारे निघाले. मग तो आत, भपक्यात शिरला. त्यासाठी त्याने नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) अशी सरकवली की मंगळ दृष्टिक्षेत्राच्या जरासा बाहेर राहील आणि त्याच्या कडेची जागा तेवढी दिसेल. ग्रह बाहेर, चंद्राची जागा आत.

११ ऑगस्टच्या रात्री अडीचच्या सुमारास एक फिकट ठिपका दिसला. जागा टिपून घेतो न घेतो तोच पोटोमॅक नदीवरून धुकं आलं. मग चार-पाच रात्री ढगांत गेल्या. १६ ला ठिपका पुन्हा दिसला आणि तो मंगळाबरोबर सरकत होता. १७ ला त्याची वाट बघत असताना आणखी आतला दुसरा दिसला.

माझं म्हणणं एवढंच आहे: चंद्र दिसत नव्हते ते दुर्बीण लहान म्हणून नव्हे. ग्रह झाकून बघायचं कोणाला सुचलं नव्हतं, किंवा सुचूनही चंद्र असतील असं वाटत नव्हतं म्हणून. तुमचं काय मत?

---

कडबोळी

मस्त धागा! वाचनखूण साठवली.

मंगळाला दोन चंद्र म्हणजे मंगळ असलेल्या मुलीला आता दोन सासवा का? हलके घ्या.

---

जुनी_वही

छान लिहिलंय. पण जोनाथन स्विफ्टने १७२६ मध्येच गलिव्हरच्या प्रवासात मंगळाला दोन चंद्र आहेत असं लिहिलं होतं ना? दीडशे वर्षं आधी! त्यांची अंतरं आणि फेरीचा वेळही दिला होता. माझ्या एका मामांचं ठाम मत होतं की त्याला कुठूनतरी 'माहिती' मिळाली होती. कुठून, हे विचारलं की मामा वर बोट दाखवायचे.

---

गणिती_गोंधळ

@जुनी_वही, मामांना नमस्कार सांगा, पण मार्ग सोपा आहे. केप्लरच्या काळापासून एक अंदाज चालत आला होता: पृथ्वीला एक चंद्र, गुरूला (तेव्हा माहीत असलेले) चार, मग मधल्या मंगळाला दोन असावेत. एक, दोन, चार. मजा म्हणजे गॅलिलिओने शनीबद्दलचा शोध अक्षरांची उलटापालट करून कळवला होता, आणि केप्लरने ती अक्षरं जुळवून 'मंगळाला दोन जुळे' असा अर्थ काढला. चुकीच्या उत्तराने बरोबर गोष्ट सांगितली.

स्विफ्टने आतला चंद्र मंगळाच्या तीन व्यासांवर ठेवला, फेरी १० तासांची. बाहेरचा पाच व्यासांवर, साडेएकवीस तासांची. आता करा हिशोब. केप्लरच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे वेळेचा वर्ग भागिले अंतराचा घन हे दोन्हींना सारखं यायला हवं. १०० भागिले २७ म्हणजे ३.७०. ४६२.२५ भागिले १२५, पुन्हा ३.७०. बाबाने गणित चोख केलंय!

पण खरे आकडे वेगळे आहेत. फोबोस केंद्रापासून सुमारे १.४ व्यासांवर, फेरी ७ तास ३९ मिनिटांची. डायमॉस साडेतीन व्यासांवर, ३० तास १८ मिनिटांची. वरून माहिती मिळाली असेल तर सांगणाऱ्याने आकडे चुकीचे सांगितले म्हणायचे.

---

जुनी_वही

मामा आता नाहीत, पण असते तर म्हणाले असते, "मुद्दाम चुकीचे सांगितले."

---

खवट_म्हातारा

अर्धवर्तुळ, लेख बरा आहे, निष्कर्ष पटत नाही. गोष्टीत रंग भरायला 'ग्रह झाकायची युक्ती' छान वाटते. पण हॉलच्या हातात जगातली सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण होती हे तुम्हीच लिहिलंय. द'आरेस्टकडे ती नव्हती. प्रतियुतीही तशी जवळची मिळाली. मोठी दुर्बीण, जवळचा मंगळ, झालं. युक्तीचं कौतुक नंतर.

दुसरं, मंगळ आणि फोबोसच्या तेजातला फरक किती आहे हे न सांगता भपक्याची गोष्ट सांगणं म्हणजे मीठ न सांगता पाककृती देणं.

---

अर्धवर्तुळ (धागालेखक)

काका, मीठ घ्या. अशा प्रतियुतीला मंगळाची प्रत (तेजाचा आकडा, जितका लहान तितकं तेज जास्त) उणे २.८ च्या आसपास, फोबोसची ११.३ च्या आसपास. चौदा प्रतींचा फरक, म्हणजे मंगळ सुमारे ४ लाख पट तेजस्वी. आणि फोबोस मंगळाच्या कडेपासून फार तर २०-२२ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दूर, म्हणजे मंगळाच्या स्वतःच्या व्यासापेक्षाही कमी. गाडीच्या हेडलाइटशेजारी काजवा बसावा तसा.

आता दुर्बिणीचं. शोध जाहीर झाल्यावर त्याच सप्टेंबरात आयर्लंडमधल्या वेंटवर्थ एर्कने साडेसात इंची दुर्बिणीतून डायमॉस पाहिला. साडेसात इंच! माझीही त्याहून मोठी आहे. मग २६ इंच पाहिजेत हे कुठे राहिलं? एर्कला फक्त कुठे बघायचं ते ठाऊक होतं.

उलट बाजूही बघा. लॅसेलने माल्टात ४८ इंची आरशाची दुर्बीण नेली होती, १८६१ ते १८६५. त्या काळात १८६२ ची मंगळाची चांगली प्रतियुती येऊन गेली. चंद्र नाही सापडले.

---

खवट_म्हातारा

एर्कचा मुद्दा मान्य. लॅसेलचा नाही. त्याचे आरसे धातूचे होते. तांबं आणि कथील, साधारण दोनास एक. म्हणजे आपलं कासंच म्हणा, पण कथील बरंच जास्त, त्यामुळे काचेसारखं ठिसूळ. निम्म्याहून थोडा जास्त प्रकाश परत देणार, तोही नवं घासलेलं असताना. समुद्रकाठच्या हवेत काळवंडायचं, मग परत घासा, आणि घासताना आकार बिघडला तर सगळं पहिल्यापासून. त्याने घासायला वाफेवर चालणारं यंत्र केलं होतं, यावरून काम किती जिकिरीचं होतं बघा. आमच्या घरी काशाची वाटी तळपायाला तूप घासायला असायची, तिच्यात तोंड बघून पाहा म्हणजे लॅसेलबद्दल आदर वाटेल.

४८ इंच काशाचे आणि २६ इंच क्लार्कच्या भिंगाचे यांची तुलना करू नका.

---

अर्धवर्तुळ (धागालेखक)

काशाच्या वाटीपुढे माघार. :)

तरी लॅसेलबद्दल एक सांगायचंच आहे. त्याने ट्रायटन पाहिला त्याच दिवसांत त्याला नेपच्यूनभोवती कडंही 'दिसलं' होतं. अनेक महिने दिसत राहिलं. ते खोटं निघालं, आरशाचाच दोष. एका दुर्बिणीतून एकाच महिन्यात एक खरा चंद्र आणि एक खोटं कडं. त्या काळात फोटोची पाटी नव्हती, डोळ्याने पाहायचं आणि हाताने काढायचं. म्हणून सगळ्यांना साक्षीदार लागत. १८४८ मध्ये शनीचा हायपेरियन हार्वर्डच्या बाँड बापलेकांनी १६ सप्टेंबरला पाहिला आणि लॅसेलने स्वतंत्रपणे १८ ला. इतकं जुळलं तर कोण नाही म्हणेल? श्रेय दोघांनाही मिळालं, भांडण न होता.

मंगळाच्या बाबतीत उलट झालं. हॉलचा शोध जाहीर होताच होल्डन आणि ड्रेपर या अमेरिकन खगोलज्ञांना 'तिसरा चंद्र' दिसला. तो नव्हताच. हेच होल्डन पुढे कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचे संचालक झाले.

---

पोटोमॅककाठी

नमस्कार, बरेच दिवस वाचनमात्र होते. वॉशिंग्टनजवळ राहते म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना.

जुनी वेधशाळा फॉगी बॉटम नावाच्या भागात होती, नावातच धुकं आहे. नदीकाठची दलदल, हिवतापाचा भाग. रात्री काम करणाऱ्यांचे हाल. शेवटी १८९३ मध्ये वेधशाळा शहराच्या वायव्येला उंचावर हलवली. हॉलची २६ इंची दुर्बीण तिथे नव्या बैठकीवर बसवली आहे. आम्ही एकदा रात्रीच्या भेटीला गेलो होतो. घुमटातली सगळी जमीनच लिफ्टसारखी वरखाली होते, म्हणजे बघणाऱ्याला शिडीवर लोंबकळायला नको. माझा मुलगा दुर्बिणीपेक्षा जमिनीवरच खूश होता.

आणखी एक गोष्ट. १८६३ मध्ये हॉल जुन्या ९.६ इंची दुर्बिणीवर एकटाच असताना प्रेसिडेंट लिंकन आले होते. चंद्र पाहून गेले. काही रात्रींनी खालचं झाकणदार दार ठोठावलं, बघतो तर पुन्हा लिंकन, या वेळी एकटेच. विचारायला आले होते की दुर्बिणीतून चंद्र उलटा का दिसला. देशात यादवी युद्ध चालू होतं!

---

कडबोळी

आमचे नगरसेवक रस्ता उलटा का खणला ते विचारायलाही येत नाहीत.

---

सुगरण_पक्षी

अर्धवर्तुळ, 'बायको उलट म्हणाली' हे लिहून तुम्ही पुढे सरकलात. तिथेच तर खरी गोष्ट आहे.

हॉल शोध सोडून देणार होता. अँजेलिनने आणखी एकदा बघ म्हणून लावून धरलं, हे त्याने स्वतः कबूल केलंय. पण तिला फक्त 'प्रोत्साहन देणारी पत्नी' करून टाकू नका. ती गणिताची शिक्षिका होती, हा तिचा विद्यार्थी. १८६३ मध्ये त्याला बढती मिळाली त्याआधी वेधशाळेच्या प्रमुखांना पत्र तिने लिहिलं होतं. नवऱ्यासाठी आकडेमोडही करायची. पुढे तिने त्या कामाचे पुरुषाइतके पैसे मागितले. नवरोबांनी नकार दिला. तिने काम थांबवलं. स्त्रियांच्या मताधिकाराची पुरस्कर्ती होती, तेव्हा मागणी उगाच नव्हती.

फोबोसवर सर्वांत मोठं विवर आहे, सुमारे ९ किलोमीटरचं, आणि फोबोस स्वतः जेमतेम २२ किलोमीटरचा. त्या विवराचं नाव स्टिकनी. १९७३ मध्ये दिलं. हॉलच्या नावाचं विवरही आहे, लहान. :)

---

बाराबंदी

विवराचं लहानमोठेपण बघून श्रेय मोजायचं असेल तर मग... जाऊ दे.

त्या काळात सरकारी वेधशाळेत बायकोला पगार देणं त्याच्या हातात होतं का? आजच्या मोजपट्टीने किती मोजायचं?

---

सुगरण_पक्षी

@बाराबंदी, त्याच काळात अमेरिकन खगोलज्ञ मराया मिचेल नौदलाच्या पंचांगासाठी शुक्राची गणितं पगारावर करत होती. १८४९ पासून. तेव्हा 'त्या काळात' हे उत्तर पुरत नाही.

आणि १८७७ च्या त्याच मंगळाची दुसरी बायको ऐका. डेव्हिड गिल हा स्कॉटिश खगोलज्ञ अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर गेला, मंगळावरून सूर्याचं अंतर मोजायला. मुक्काम टाकला तिथे रोज रात्री ढग. तेव्हा इझोबेल गिल रात्री कातळावरून चालत जाऊन बघून आली की पलीकडच्या किनाऱ्यावर आकाश निरभ्र असतं. सगळं सामान तिकडे हलवलं. त्या जागेला आजही मार्स बे म्हणतात. ती जागा सापडली नसती तर गिलचं सूर्याचं अंतर कुठलं?

---

बाराबंदी

बरं, मान्य. पण मूळ प्रश्न: बारा आणि बावीस किलोमीटरचे दोन दगड सापडले. त्याने त्या काळच्या लोकांना मिळालं काय? हौसेपलीकडे?

---

गणिती_गोंधळ

@बाराबंदी, मंगळाचं वजन मिळालं! हा या धाग्यातला सगळ्यात मोठा मुद्दा आणि कोणी काढलाच नाही.

ग्रहाला चंद्र असला की त्याचं वस्तुमान काढणं सोपं. चंद्राचं अंतर आणि फेरीचा वेळ घ्या, केप्लर-न्यूटनच्या सूत्रात घाला. चंद्र नसला की मोठी कटकट. मग तो ग्रह शेजारच्या ग्रहांना कितीसा ओढतो ते बघायचं, म्हणजे पृथ्वीच्या आणि इतर ग्रहांच्या गतीतल्या बारीक चुका शंभर वर्षांच्या वेधांतून वेचायच्या. ल वेरियेने, हो, नेपच्यून कागदावर शोधणाऱ्यानेच, त्यात वर्षानुवर्षं घालवली. आणि हॉलने काही रात्रींच्या वेधांतून आकडा काढला: सूर्याच्या ३० लाख ९३ हजार ५०० व्या भागाइतका. आजचा आकडा ३० लाख ९८ हजार ७०० च्या आसपास. हजारात दोनचीही चूक नाही!

ल वेरिये २३ सप्टेंबर १८७७ ला वारला. नेपच्यून सापडला त्याच तारखेला, एकतीस वर्षांनी, आणि मंगळाचे चंद्र जाहीर झाल्यावर सुमारे महिन्याने.

बुध आणि शुक्र बिचारे बिनचंद्राचे, त्यांची वजनं पुढेही तशीच कष्टाने काढावी लागली.

---

खवट_म्हातारा

गोंधळराव, आज पहिल्यांदा तुमचं नाव चुकीचं वाटलं.

---

अर्धवर्तुळ (धागालेखक)

@गणिती_गोंधळ, हे मूळ लेखात असायला हवं होतं. धन्यवाद.

एक मजा राहिली. फोबोसने हॉललाही चकवलं होतं. एकाच रात्रीत तो मंगळाच्या कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. हॉलला वाटलं आत दोन-तीन चंद्र असावेत. मग रात्रभर नजर ठेवून बसला तेव्हा कळलं की एकच आहे, पण ग्रहाच्या स्वतःच्या फिरण्यापेक्षा वेगाने धावतो. असा चंद्र तोवर कोणाला माहीतच नव्हता. मंगळावर उभं राहिलं तर फोबोस पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो.

---

जुनी_वही

त्याच १८७७ मध्ये मिलानच्या खगोलज्ञ स्किआपारेल्लीने मंगळावरचे कालवे पाहिले ना? तोच मंगळ, तीच प्रतियुती. एकाला असलेले चंद्र दिसले, दुसऱ्याला नसलेल्या रेषा.

त्याने लिहिला तो इटालियन शब्द 'कानाली'. त्याचा अर्थ नैसर्गिक ओघळही होतो आणि खणलेला कालवाही. इंग्रजीत गेला तो खणलेला होऊन, आणि इंग्रजीतून मराठीत आला तो सरळ 'कालवे'. कालवा म्हटलं की पाटबंधारे खातं आलंच. मराठीत कोणी 'ओघळ' किंवा 'चर' लिहिलं असतं तर आमच्या मामांचे निम्मे सिद्धांत जन्मालाच आले नसते.

---

कडबोळी

मंगळावर पाटबंधारे खातं असतं तर कालवे अजून अपूर्ण असते. तेव्हा ते नव्हते हे सिद्ध.

---

जुनी_वही

अवांतर, पण आपल्याकडचं थोडं. या सगळ्या काळात महाराष्ट्रात काय चाललं होतं म्हणून शोधलं.

नागावचे केरूनाना छत्रे, पुढे टिळकांचे गणिताचे गुरू, यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' काढली. युरोपातल्या नव्या कोष्टकांवरून मराठीत. पंचांगातला ग्रह आणि आकाशातला ग्रह एका जागी दिसावेत म्हणून. त्यावरून किती वाद झाले ते पटवर्धनी पंचांगवाले जाणोत.

आणि दुसरे कॅप्टन जेकब. मुंबई इलाख्याच्या इंजिनिअर पलटणीतले. १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा थाटून जोडतारे मोजायचे. मग मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. शनीचं जे आतलं अंधुक कडं १८५० मध्ये सापडलं होतं, ते पारदर्शक आहे, त्यातून शनीची कड आरपार दिसते, हे १८५२ मध्ये त्यांनी मद्रासहून पाहिलं. त्याच सुमारास माल्टात लॅसेलनेही. नंतर पुण्याजवळच्या डोंगरावर वेधशाळा काढायची म्हणून पार्लमेंटकडून एक हजार पौंड मंजूर करून घेतले, नऊ इंची दुर्बीण घेऊन ऑगस्ट १८६२ मध्ये मुंबईला उतरले, आणि पुण्याला पोचल्यावर १६ ऑगस्टला वारले. वेधशाळा झाली नाही.

---

पोटोमॅककाठी

१८६२ म्हणजे मंगळाची ती चांगली प्रतियुती. नऊ इंची दुर्बीण पुण्याच्या डोंगरावर... अर्धवर्तुळांच्या हिशोबाने पुरेशी होती!

---

अर्धवर्तुळ (धागालेखक)

होती हो, आणि ती प्रतियुती ऑक्टोबरातली. पण एरवी ऑगस्टात पुण्याच्या डोंगरावर काय दिसणार? हेच आपलं नशीब आहे. मंगळ सगळ्यात जवळ येतो तो कायम जुलै ते सप्टेंबरात. २००३ मध्ये ऑगस्टअखेर, २०१८ मध्ये २७ जुलैला. दोन्ही वेळा मी छत्री घेऊन उभा. पुढची तशी जवळची सप्टेंबर २०३५ ला. गणपती आणि ढग एकदमच येणार. २०२० ची ऑक्टोबरातली म्हणून गच्चीवर तरी बसता आलं.

---

बाराबंदी

मराठी संबंध निघालाच आहे तर व्यंकटेश बापूजी केतकरांना विसरू नका! त्यांनी १९११ मध्येच नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाचं भाकीत फ्रेंच मासिकात छापलं होतं. अंतर सुमारे ३९ एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), फेरी सुमारे २४२ वर्षं. प्लूटो १९३० मध्ये सापडला, तो साडेएकोणचाळीस एककांवर, २४८ वर्षांचा. एवढं जुळूनही नाव कुठेच नाही.

---

खवट_म्हातारा

केतकरांबद्दल मला नितांत आदर आहे, म्हणूनच सांगतो. त्यांनी गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांत जसं सोप्या अंकांचं नातं आहे तसं बाहेरच्या ग्रहांत धरून हिशोब केला. कल्पना सुंदर. पण प्लूटो सापडला तो भाकितामुळे नव्हे. अमेरिकन खगोलज्ञ लॉवेलचंही भाकीत जुळलंसं वाटलं होतं, आणि प्लूटो इतका हलका निघाला की तो कोणालाही ओढून दाखवू शकत नाही. स्विफ्टचे दोन चंद्र, केप्लरची उलटी अक्षरं, केतकरांचा ग्रह, सगळे एका माळेतले. केतकरांचं खरं मोठेपण त्यांच्या ग्रहगणितात आहे, तिथे बघा.

---

सुगरण_पक्षी

प्लूटो निघालाच म्हणून: फोबोस आणि डायमॉस ही नावं इंग्लंडमधल्या ईटन शाळेच्या हेन्री मॅडनने सुचवली, होमरच्या इलियडमधून. भय आणि धास्ती, युद्धदेवाचे सोबती. आणि १९३० मध्ये 'प्लूटो' नाव सुचवणारी अकरा वर्षांची व्हेनिशिया बर्नी ही या मॅडनच्या भावाची नात. एकाच घरात तीन बारशी.

---

कडबोळी

आमच्या घरात एका बाळाचं नाव ठरायला सहा महिने लागले.

अर्धवर्तुळकाका, ती झाकायची युक्ती साध्या दुर्बिणीत करता येते का? माझ्याकडे सहा इंची आहे. मंगळ नाही तर दुसरं काही?

---

अर्धवर्तुळ (धागालेखक)

@कडबोळी, येते. प्लॉसल जातीची नेत्रिका घे. डोळा लावतो त्याच्या उलट्या बाजूने, म्हणजे दुर्बिणीत जाते त्या नळीतून बघ. आत एक गोल कडं दिसेल, दृष्टिक्षेत्राची कड ठरवणारं. त्या कड्यावर चॉकलेटच्या चांदीची बारीक पट्टी चिकटव, मधोमध नको, जरा बाजूला. पट्टी त्या कड्यावरच हवी, नाहीतर तिची कड धूसर दिसते आणि उपयोग शून्य. मग ग्रह पट्टीमागे सरकव. भिंगाला डिंक लागू देऊ नकोस, मी लावलाय.

सुरुवात शनीवर कर. टायटन तर तसाही दिसतो. ऱ्हिआ, टेथिस, डायोनी काळोख्या जागी सहा इंचीत मिळतील. एन्सेलॅडससाठी पट्टी लागते.

अमेरिकन खगोलज्ञ बर्नार्डने १८९२ मध्ये गुरूचा पाचवा चंद्र शोधला तो असाच, गुरूला नजरेबाहेर ठेवून. लिकच्या ३६ इंची दुर्बिणीवर त्याला फक्त शुक्रवारची रात्र मिळायची. ९ सप्टेंबर, शुक्रवार. त्यानंतर फोटोशिवाय, दुर्बिणीला डोळा लावून कोणी ग्रहाचा चंद्र शोधला नाही. १८९९ मध्ये पिकरिंगने शनीचा फीबी शोधला तो फोटोच्या पाट्यांवर.

---

खवट_म्हातारा

म्हणजे शेवटचा माणूसही ३६ इंची दुर्बीण घेऊनच बसला होता. नोंद असावी.

---

अर्धवर्तुळ (धागालेखक)

नोंद केली, काका. आणि त्याच दुर्बिणीवर संचालक होल्डन आठवड्यात दोन रात्री बसायचे, त्यांना नाही सापडला, हीपण नोंद असावी.

---

कडबोळी

काल आकाश बघायला मुंबईजवळच्या वांगणीला जाऊन आलो. पट्टी लावली. टायटन, ऱ्हिआ, टेथिस नक्की. शनी पट्टीमागे गेला की त्याच्या कड्याच्या टोकाशी एक ठिपका दिसायचा आणि शनी बाहेर आला की गायब. ॲपमध्ये बघितलं तर तिथे एन्सेलॅडस होता, पण मी ॲप आधीच बघून ठेवलं होतं, त्यामुळे दिसला की वाटला ते देव जाणे. मित्राला न सांगता बघायला लावलं. तो म्हणाला, "पट्टीला चॉकलेट लागलंय."